जाळीच्या आतली जाऊबाई

सहा बायका दिवसभर एका जाळीच्या आत काम करायला लागल्या की फळांपेक्षा किस्सेच जास्त धरतात. फळं कंपनी घेऊन जाते, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. लग्नात, बारशाला, बसस्टँडवर, कुठेही आमच्यातल्या दोघी भेटल्या आणि एकीनं "आगं, जाऊबाई आठवती का?" एवढं म्हटलं, की दुसरी पदर तोंडाला लावते. बाजूच्या लोकांना वाटतं, कुणाच्या तरी घरचं भांडण चाललंय!

आधी थोडं समजून घ्या. टेंभुर्णीपासून थोडं आत आमचं शेत आहे. शेतात एक शेडनेट, म्हणजे बारीक जाळीचं मोठं घर. त्यात आम्ही काकडी लावतो. खायची नाही, बियाण्याची. नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. मादीची कळी उमलायच्या आत संध्याकाळी बांधून ठेवायची, सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर हलकेच फिरवायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे हिचं लग्न आम्ही लावलेलं आहे. बिनदोऱ्याचं फळ दिसलं की तोडून फेकायचं.

सगळ्यात मोठी भीती मधमाशीची. ती आत आली की कुणाचंही लग्न कुणाशीही लावून मोकळी होते! म्हणून शेडला एकामागे एक दोन दारं. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन्हींच्या मध्ये जांभळ्या औषधाच्या पाण्याचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. आणि जाळीला करंगळी जाईल एवढं भोक सापडलं तरी प्लॉट नापास.

आदल्या हंगामात तसाच नापास झाला होता. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "अजून एकदा नापास झालं की शेड उपसायचं. पाइप भंगारात, जाळी कडब्यावर टाकायला. मी सोयाबीन पेरून मोकळा." आबा बोलतात ते करतात. शेड माझ्या हट्टानं उभं राहिलेलं. ते गेलं तर माझी जिरली असती हे ठीक, पण कालिंदामावशी पुन्हा ऊसतोडीला गेल्या असत्या. कमरेला पट्टा बांधून फिरणारी बाई ती. सावलीतलं काम मिळालं म्हणून तर त्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यामुळे त्या वर्षी प्लॉट पास होणं, एवढी एकच गोष्ट आम्हा सहाजणींच्या डोक्यात होती.

आणि नेमका त्याच वर्षी उंदीर आला!

*

फळं बोटाएवढी झाली होती. सकाळी पूजा, आमच्यातली सगळ्यात लहान, लग्न ठरलेली पोरगी, पहिल्या ओळीत गेली आणि तिथूनच किंचाळली, "ताई! दोरे हायेत, काकड्या न्हाईत!"

जाऊन पाहिलं तर खरंच. देठ लोंबत होते, देठाला लाल दोरे बांधलेले होते आणि खाली काहीच नव्हतं. ओळच्या ओळ तशी. मग हळूहळू जी ती दुसरीच्या तोंडाकडे पाहायला लागली. तो क्षण फार वाईट होता. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणाऱ्या बायका, आणि एका सकाळीत एकमेकींच्या पिशव्यांकडे बघायला लागल्या.

आमच्यातली ताराबाई भडकलीच. "माझ्याकडं काय बघून राह्यल्या? मला काकडीनं ॲसिडिटी होती!"

तेवढ्यात कालिंदामावशींना वाफ्यात एक अर्धी काकडी सापडली. तिच्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या आणि आतलं कोवळं बी तेवढं नेमकं कोरून खाल्लेलं होतं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. चोर उंदीर आहे याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

ताराबाईचं माहेर कुंभार पिंपळगावचं. जगातली प्रत्येक गोष्ट तिकडे मोठी असते. ती म्हणाली, "ह्ये काहीच न्हाई. आमच्या पिंपळगावला उसात उंदीर मांजराएवढे असत्यात!"

मावशी म्हणाल्या, "मंग मांजर केवढं असतं गं?"

"मांजर ठेवलंय कुठं? उंदरानं खाल्लं!"

*

आमच्या ह्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. ते राहून गेलं, त्याचा वचपा ते शेतात काढतात. त्यांनी शेडभोवती फिरून जाळीच्या बुडाखालून आत गेलेली बिळं शोधून काढली आणि जाहीर केलं, "आता एक पण उंदीर आत येणार न्हाई. बिलकुल!"

जालन्याहून जुने पत्रे आणले. शेडच्या चारी बाजूंनी चर खणला, त्यात पत्रे उभे पुरले, वरून माती दाबली. घामानं निथळत होते, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. नारळसुद्धा फोडला.

दुसऱ्या दिवशी चोरी दुप्पट!

तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आम्ही नर ओळीच्या कडेला एक बीळ उकरलं तेव्हा कारण कळलं. आत लाल दोऱ्यांचं मऊ अंथरूण, त्यावर गुलाबी पिल्लांचा गोळा, आणि आई बाजूच्या बोगद्यातून पसार. उंदीर शेडच्या आतच घर करून होते. आम्ही त्यांना पक्की कंपाउंड वॉल बांधून दिली होती.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण पूजानं जाळीबाहेर बोट दाखवलं. तिथे एक मुंगूस मागच्या पायांवर उभं राहून आत बघत होतं. मग खाली वाकून पत्र्यावर नखं घासायचं, पुन्हा उभं राहायचं. उंदीर ज्या बिळांनी आत येत होते, त्याच बिळांनी त्यांना खाणारेही येत होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

आबांनी ते मुंगूस पाहिलं, पत्रा पाहिला, शेवटी आपल्या मुलाला पाहिलं. "वा रे इंजिनेर! चोराला आत घेतलं, कुलूप लावलं, अन् पोलीस बाहेर ठेवला!"

*

हा पुढचा किस्सा आम्ही कधी हसत सांगत नाही, पण तो गाळला तर पुढचं नीट कळणार नाही.

शेडच्या कोपऱ्यातल्या उंच खांबावर एक पांढरी घार येऊन बसायची. लहानशीच, पंखांवर काळा डाग, डोळे लालभडक. मध्येच उडून शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबायची, नजर खाली, आणि अशी झेपावायची की वर येताना पायात उंदीर ठरलेला. काम सोडून आम्ही बघत राहायचो. बघत राहिलो की तिची नजर आमच्यावर यायची, म्हणून पूजानं तिचं नाव मुकादमीण ठेवलं होतं. "करा गं जल्दी जल्दी, मुकादमीण बघून राह्यली!"

ह्यांनी आम्हाला न सांगता उंदराच्या औषधाच्या निळ्या वड्या आणल्या. शेडमध्ये टाकल्या, बांधावरही टाकल्या. आतल्या उंदरांनी वडीला तोंडही लावलं नाही. घरात पुरणपोळी असताना शिळा तुकडा कोण खाईल? बांधावरच्या उंदरांना मात्र काकडी मिळत नव्हती, त्यांनी खाल्ल्या. ते लगेच मेले नाहीत. दिवसाउजेडी बाहेर येऊन झिंगल्यासारखे फिरायला लागले. आणि मुकादमिणीला इतकी सोपी शिकार कधी मिळाली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी ती खांबावर दिसली नाही. खांबाखाली बसली होती. पंख सैल पडलेले, चोच उघडी. मावशींनी पेल्यानं चोचीत पाणी घालून पाहिलं. पाणी बाजूनं ओघळून गेलं. लाल डोळे आमच्याकडेच होते. जेवायची सुट्टी संपायच्या आत तिनं मान टाकली.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या दुपारी शेडमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी कुणाची टिंगल केली नाही. हे आले, त्यांनी पाहिलं आणि मुकाट्यानं फिरून एकेक वडी वेचून खोल खड्ड्यात पुरली. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. आबासुद्धा नाही.

फक्त जाताना मावशी एवढंच म्हणाल्या, "दादा, खाणारे तसेच हायेत. राखणारी गेली."

*

त्यानंतर ह्यांनी शेडभोवती पक्षीथांबे रोवले. थांबा म्हणजे उभ्या लाकडावर आडवी काठी. पुन्हा एखादी घार येईल ही आशा. घार आली नाही. जवळच्या जुन्या लिंबाच्या ढोलीतलं पिंगळ्याचं, म्हणजे लहानशा घुबडांचं, जोडपं आलं. मूठभर पाखरू, पण बघणं असं, की आपण काहीतरी केलंय असं वाटावं. ऊन कललं की दोघं थांब्यावर येऊन बसायची आणि मान खालीवर करत आमची हजेरी घ्यायची.

पूजाला ते सहन होईना. लग्न ठरलेलं, त्यात रोज अपशकुनी पिंगळा समोर. एका संध्याकाळी तिनं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. लागलं नाही. पिंगळे उडून गेले. मावशींच्या हातातली दोऱ्याची रिळं मात्र खाली पडली.

"पूजे! ढेकूळ मारलं?"

"मंग काय झालं?"

"आगं, त्ये पाखरू आता त्येच ढेकूळ उचलतं अन् पाण्यात टाकतं. ढेकूळ जसं विरघळतं तसं मारणारं माणूस झिजतं!"

पूजा हसली. मग आमच्याकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. मग तिचं तोंड उतरलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण समोर रडकुंडीला आलेली पोरगी, लग्न तोंडावर, आणि विहीर दहा पावलांवर. अशा वेळी विश्वास बाजूला ठेवून ढेकूळ शोधावं लागतं!

सहाजणी नांगरलेल्या रानात उतरलो.

"कसं व्हतं गं?"

"मातीचं व्हतं!"

सगळ्या रानात ढेकळंच ढेकळं. शेवटी मावशींनी निकाल दिला, की त्या पट्ट्यातली झाडून सगळी उचला. पोतं भरलं. भिजू नये म्हणून पत्र्याच्या खोलीत माळ्यावर चढवलं, वर प्लास्टिक टाकलं, दोरीनं बांधलं. हंगाम संपल्यावर पूजाचं लग्न धडाक्यात झालं. आता ती अंबडला असते, चांगली गुटगुटीत झाली आहे.

पोतं अजून माळ्यावरच आहे. तिकडे आभाळ आलं की तिचा फोन येतो, "ताई, पत्रा गळून तर न्हाई राह्यला ना?"

*

पिंगळ्यांनी बाहेरचे उंदीर कमी केले. आतले मात्र मजेत होते. फळं आता मनगटाएवढी होत चालली होती, रोज सकाळी रिकामे दोरे दिसत होते आणि कंपनीच्या तपासणीचे दिवस जवळ येत होते. प्लॉटमध्ये फळंच उरली नाहीत तर पास काय करणार?

एके दिवशी हे जालन्याला गेले होते, आबा बाजारला. शेडच्या मागे जुन्या जाळीची गुंडाळी पडली होती, तिथून फूत्कार ऐकू आला. ताराबाई गेली आणि गेली तशीच उलटी परत आली. "जनावर!"

हातभर नाही, चांगलं पुरुषभर लांब. पिवळट तपकिरी, जाळीच्या धाग्यांत मधोमध अडकलेलं. सुटायला जितकं वळत होतं तितका धागा अंगात रुतत होता.

"नाग हाय!"

"फडी कुठाय? धामण हाय ती."

"धामण तर आणखी वाईट! म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिती."

"शेपटी नाकात घालती," म्हणत मावशींनी आधी पदरानं स्वतःचं नाक बांधलं. आमच्यातल्या कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मला तेवढं माहीत होतं, की सकाळी हीच, जाळीच्या बाहेरून अंग चिकटवून, आत पळणाऱ्या उंदराबरोबर सरकत होती. उंदीर थांबला की ही थांबायची. मुंगसासारखीच बाहेर राहिलेली.

तशीच सोडली असती तर दुपारपर्यंत उन्हानं मेली असती. मुकादमीण माझ्या डोळ्यांपुढून हटली नव्हती. मी म्हटलं, "कापू या."

ताराबाईनं खराट्यानं तिचं डोकं अलगद दाबून धरलं. मावशींनी नाक बांधलेल्या अवस्थेत शेपटी. मी मधलं अंग. गार, नुसता जोर. हाताखाली ती श्वास घेत होती ते कळत होतं. पूजानं दोरा कापायची बारीक कैची काढली आणि एकेक धागा उचलून कापायला लागली. रोज कळी न दुखावता उघडणारे हात ते. तरी एकदा कैचीचं टोक खवल्याला लागलं आणि सबंध अंग असं उसळलं की खराटा सुटला. डोकं मोकळं. तोंड उघडून ती पूजाच्या मनगटाजवळ आली आणि थांबली.

"कुणी हलू नका," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे नुसते ओठ हलले.

ताराबाईनं पुन्हा खराटा टेकवला. पूजानं पुढचा धागा उचलला. अजून मला त्या पोरीचं कौतुक वाटतं.

शेवटचा धागा राहिला आणि पूजा थांबली. "ताई, ह्यो कापला की मोकळी. मंग कुठं सोडायची?"

सहाही जणींची तोंडं शेडकडे वळली होती.

ताराबाईनं सुरू केलं, "आमच्या पिंपळगावला..."

मावशी पदराआडून ओरडल्या, "पिंपळगावचं राहू दे! हितं काय करायचं त्ये सांग!"

ताराबाई म्हणाली, "आत सोडा."

*

अशी ती आमच्या घरात आली. नाव ताराबाईनंच ठेवलं, जाऊबाई. एका घरात राहायचं, एकमेकींच्या वाटेला जायचं नाही, आणि आपापलं काम करायचं. पुरुषांना सांगायचं नाही असं ठरलं. आबांनी शेड तपासणीआधीच उपसलं असतं.

रोज सकाळी आत शिरायच्या आधी मावशी दाराच्या पाइपावर टकटक करायच्या. "जाऊबाई, आलो गं आम्ही." मग आम्ही जाणार. पण खरं सांगते, ते दिवस सोपे नव्हते. काकडीच्या पानांत हात घालायचा म्हणजे आधी काडीनं पान हलवून बघायचं. वाफ्यातली प्रत्येक ठिबकची नळी हलतेय असं वाटायचं. एकदा एक नळी खरंच हलली, आणि ताराबाई पुढचा सगळा वेळ लाकडी पाटावर उभं राहून काम करत होती. घरी जाऊन ती आपल्या म्हशीचे पाय तपासायची, विळख्याच्या खुणा आहेत का म्हणून!

चार-आठ दिवसांत रिकामे दोरे दिसायचे कमी झाले. मग थांबलेच. बिळांच्या तोंडावर माती सुकली. फळं भरली, पिवळी पडायला लागली. लाल दोरा आणि खाली भरलेलं फळ, ओळीच्या ओळी. बघून पोट भरायचं.

हे एकदा आत येऊन फिरले, फळं पाहिली आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा! म्हटलं व्हतं का न्हाई? पत्र्यानंच काम केलं!"

त्यांच्या पायापासून वावभर अंतरावर एक पान हललं. सहाजणी एकदम म्हणालो, "व्हय, व्हय! पत्र्यानंच!"

*

आता शेवटचा.

उंदीर संपले तशी जाऊबाई बेचैन झाली. आधी दिसायची नाही, आता दिवसाही जाळीच्या कडेनं फिरायची, वेलांच्या तारांवर चढायची. मावशी म्हणाल्या, "तिचं खाणं संपलं. वाट शोधून राह्यली." आम्ही ठरवलं, आज संध्याकाळी काम सुटलं की तिला बाहेर काढायची.

आणि त्याच सकाळी कंपनीचे साहेब तपासणीला आले. सांगितल्यापेक्षा आधीच! तरुण माणूस, पण नियमाला फार कडक. आदल्या वर्षी आम्हाला नापास करणारे हेच. आबा बाहेर जाळीला नाक लावून उभे राहिले. आत येईनात, निकाल ऐकायला थांबले होते.

साहेबांनी घमेल्यात पाय बुडवले, आत आले. बाहेरून जाळी तपासून झाली होती, आता आतून. हात फिरवत, वर बघत, वाकून बुडाशी बघत. सबंध शेडला फेरी मारली. आम्ही सहाजणी जिथे होतो तिथे उभ्या. मग दोरे तपासले. फळ उचलायचं, दोरा बघायचा, सोडायचं. एकही बिनदोऱ्याचं नाही. एकालाही दात लागलेला नाही.

"सगळ्या शिवारात उंदरांनी वाट लावली आहे," ते म्हणाले, "तुमच्याकडे काहीच नाही. काय वापरलं?"

आम्ही तोंड उघडायच्या आत जाळीबाहेरून आबांचा आवाज आला, "पत्रा! पत्रा लावला पोरानं!"

साहेब खूश झाले. "छान. थांबा, सगळ्यांचा एक फोटो घेतो. बाकीच्या शेतकऱ्यांना दाखवायला. त्या वेलाखाली उभ्या राहा. जरा जवळ. मावशी, पदर नीट करा. हसा की!"

हसलो. त्यांनी मोबाइल वर धरला, आणि तसाच धरून ठेवला. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मोबाइलवरून नजर उचलून आमच्या डोक्यांच्या वर पाहिलं. पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. तोंडावरचा रंग उतरत चाललेला मला दिसत होता. मी वर बघितलं नाही. गरज नव्हती. माझ्या कपाळावर तारेवरचं एक सुकलं पान येऊन पडलं होतं.

आदल्या वर्षीचं सगळं आठवलं. आबा बाहेर, मावशींचा कमरेचा पट्टा माझ्या कोपराला लागलेला.

साहेब कुजबुजले, "भोक कुठंय?"

"काय?"

"जाळीला भोक. ही आत आली म्हणजे भोक आहे." आवाज कापत होता, पण नजर धामणीवर नव्हती. जाळीवर फिरत होती.

मी म्हटलं, "भोक न्हाई, साहेब. दारानं आली. आम्ही आणली."

"कुणी?"

पूजानं हात वर केला. मग ताराबाईनं. मग सगळ्यांनीच, अगदी हळू, वरच्या बाईला धक्का लागू नये असा.

साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणताना... दोन्ही दारं एकदम उघडली होती?"

"न्हाई साहेब. बाहेरचं लावलं, मंगच आतलं उघडलं. बराबर."

"आणि पाय? औषधाच्या पाण्यात सगळ्यांनी पाय बुडवले होते?"

मावशी हात वर धरूनच म्हणाल्या, "आम्ही बुडवले, साहेब. तिला न्हाईत."

साहेब पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत गेले. आतलं दार उघडलं, दोन दारांच्या मधल्या जागेत गेले, आतलं दार लावलं. कडी बसल्याचा आवाज आला. आम्ही हात वर करून तशाच उभ्या. बाहेरचं दार मात्र लगेच उघडलं नाही. आबांनी जाळीतून विचारलं, "काय झालं गं?"

मग बाहेरचं दार उघडलं, आणि नीट लागलं.

आणि चांगल्या लांबून, बांधाच्याही पलीकडून, साहेबांचा आवाज आला, "पाऽऽस!"